दिवेलागणीपर्यंतचा लेक

माझं नाव उकर्डा. उकर्डा म्हणजे उकिरडा. त्यात आणखी काही अर्थ दडलेला नाही. लोक शोधतात, पण नाही.

माझ्याआधी मायला चार लेकरं झाली. त्यांची नावं फार देखणी होती. राजाराम, सुंदरा, लक्ष्मण आणि गुलाब. चौघंही वर्षाच्या आत गेली. पाचव्या खेपेला सुईण माणिकबाई म्हणाली, "लेकरात खोट नाई, जयवंता. खोट तुह्या मिरवन्यात हाये. सटवाईले चांगलं दिसते अन् ते उचलते. तिले वाटलं पाहिजे का इथं उचलाजोगं काईच नाई."

म्हणून जन्मल्याबरोबर मला सुपात घालून उकिरड्यावरून ओढलं आणि कुंपणापलीकडच्या मैनाबाई माळणीला मूठभर कोंड्यावर विकलं. सांजेला तोच कोंडा देऊन परत घेतलं. आता सटवाईच्या लेखी मी मैनाबाईचा, तोही कचऱ्यातून निघालेला. आमच्या गावात अशी पोरं बरीच होती. बार्शीटाकळीहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीवाटेवरचं गाव, शंभरेक उंबरे, त्यात दोन धोंडू, एक केरू आणि तीन कोंडाजी. पण त्या सगळ्यांना जन्मल्यावर एकदाच विकलं होतं.

मी वर्षाचा झालो तेव्हा मायची पंचाईत झाली. लेकरू वर्षाचं होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे तिला माहीत नव्हतं. तशी वेळ तिच्यावर आलीच नव्हती. लेकराला ओवाळावं, तीळगूळ घालून दूध पाजावं, असं बायकांनी सांगितलं. पण ओवाळायचं म्हणजे दिवा लावून सटवाईला दाखवायचं, की बाई, हा बघ, हा राहिला होता. मायनं विचार केला आणि जे एकदा लागू पडलं तेच पुन्हा करायचं ठरवलं. मार्गशीर्ष वद्य षष्ठीला तिनं मला परत विकलं.

आमच्या घरचा वाढदिवस तो असा सुरू झाला.

दरवर्षी त्या दिवशी सूर्य उगवायला मी उकिरड्यावर असे. तिसऱ्या वर्षापर्यंत सुपात मावलो. पाचव्या वर्षी नुसतं ढुंगण मावलं. सातव्या वर्षी सूप मोडलं, तेव्हा मायनं दोन सुपं शेजारी मांडली आणि बा मला दोन्ही हातांना धरून ओढत होता. मग मैनाबाई, जणू सहजच चालली आहे अशी, डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन यायची.

"काय इकून राह्यल्या, जयवंताबाई?"

"हे पोट्टं. आमच्या काई कामाचं नाई."

"खाते किती?"

"दोघाचं."

"अन् काम?"

"अर्ध्याचं बी नाई."

मैनाबाई बैलाचे पाहावेत तसे माझं तोंड उघडून दात पाहायची. "दात तं पडून राह्यले याचे."

"म्हनूनच तं कोंड्यात देऊन राह्यलो, बाई. नाईतर ज्वारी मांगतली असती."

"दिलं?"

"दिलं."

हे दिलं म्हणताना माय मोठ्यानं बोलायची आणि माझ्याकडे पाहायची नाही. तिथून दिवेलागणीपर्यंत आमच्या घरात मी कधी झालोच नव्हतो. माझी वाटी-थाळी पालथी. माझी गोधडी घडी करून माळ्यावर. चुलीवर अंबाडीची भाजी आणि भाकर, गोड काही नाही. एका वर्षी नेमका त्या दिवशी तिवशाकडचा एक पाहुणा आला आणि त्यानं लेकरंबाळं विचारली. माय म्हणाली, "कोनी नाई, बाप्पा." पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं बापाला चार नवस, दोन मुळ्या आणि एक वैद्य सांगितला. बा खाली मान घालून दोन घटका ऐकत बसला, आणि मी कुंपणापलीकडून मैनाबाईच्या ओसरीवर बसून दोघांनाही पाहत होतो.

वाढदिवस व्हायचा तो मैनाबाईकडे. ती मला ऊनऊन पाण्यानं न्हाऊ घालायची. तीळगूळ घातलेलं दूध द्यायची. विधवेनं ओवाळू नये म्हणतात, म्हणून दार लावून ओवाळायची, म्हणजे कायदा बाहेर राहायचा. तिला मूलबाळ झालं नव्हतं. नवरा धारणीच्या जंगलात लाकडं आणायला गेला तो गेलाच. वर्षाचे बाकी सगळे दिवस ती मला "काय रे जयवंताच्या" म्हणायची आणि त्या एका दिवशी म्हणायची, "मले माय म्हन."

मी म्हणायचो. माझं काय जात होतं?

सांजेला माय कोंडा घेऊन दारात उभी राहायची. पण अट दिवेलागणीची होती, आणि गावात सगळ्यांच्या घरी दिवे लागले तरी मैनाबाईला त्या दिवशी तेल सापडत नसे. तेल सापडलं की वात सापडत नसे.  माय अंधार होईपर्यंत तशीच उभी राहायची.

मी सहा वर्षांचा झालो त्या सुमाराला सातासमुद्रापार कुठल्या तरी मुलखात भाऊ-भाऊ एकमेकांच्या उरावर बसले आणि आमच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. या दोन गोष्टींचा संबंध मला अजून कोणी नीट समजावून दिलेला नाही. तिकडचा कापूस बंद पडला, विलायतेतल्या गिरण्या उपाशी राहिल्या, आणि त्या आमच्या काळ्या जमिनीकडे बघू लागल्या, असं व्यापारी सांगत. बाचं नाव खुशालराव. नावाप्रमाणे तो पहिल्यांदाच तेव्हा वागला. त्यानं जरीकाठी पागोटं घेतलं. बैलांना झुली घेतल्या. भाकरी सोडून तो गव्हाची पोळी खाऊ लागला, आणि पोट बिघडलं तरी मागे हटला नाही.

माझ्या आठव्या वाढदिवसाआधी तो कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला गेला आणि चेहरा लांब करून परत आला.

"तिकडं एका शेटच्या पोट्ट्याचा वाढदिवस पाह्यला," तो मायला म्हणाला. "घोड्यावर बसोलं व्हतं. फुलं काय, वाजंत्री काय! सगळ्या पेठेत साखर वाटली. अन् आपन? आपन आपलं पोट्टं उकिरड्यावर लोळोतो."

"त्याइचं किती गेले?" मायनं विचारलं.

"काय किती गेले?"

"लेकरं. आधी किती गेले?"

"मी काय साखर खाता खाता ते पुसू?"

"मंग तुमाले काई ठाऊक नाई," माय म्हणाली आणि सरकी गोळा करू लागली.

बा तीन दिवस रुसला. चौथ्या दिवशी तोडगा घेऊन आला. "इकाचंच हाये ना? मी नाई म्हनतो का? इकू. पन जोरात इकू."

"अवो, हे गुपचूप कराचं असते."

"गुपचूप काहून? चोरीचं हाये का पोट्टं?"

मायनं पाय धरले. मैनाबाईनंही कुंपणावरून सांगून पाहिलं, "खुशालराव, सटवाई बह्यरी नाई हो." पण बा आता कोणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. त्यानं बार्शीटाकळीहून ढोल, सनई आणि संबळवाला आणला. नवं सूप विणून घेतलं, तीन पोरं मावतील एवढं. षष्ठीच्या सकाळी वाजतगाजत, मला मुंडावळ्या बांधून, अख्ख्या गावासकट मिरवणूक उकिरड्यावर आली. उकिरड्याला तोरण लावलं होतं. कोंबड्या घाबरून निघून गेल्या त्या दोन दिवस आल्या नाहीत. नत्थुजी पाटील पुढे खुर्चीवर बसले होते. खुर्ची उकिरड्यावर स्थिर राहत नव्हती म्हणून दोन माणसं ती धरून उभी होती.

"दिलं?" मैनाबाईनं विचारलं. तिचा आवाज त्या दिवशी निघत नव्हता.

"दिलं," माय म्हणाली. ते ढोलात ऐकूच गेलं नाही. बानं ढोल थांबवला आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं. या वेळी सगळ्या गावानं ऐकलं.

मैनाबाईनं मला न्हाऊ घातलं, ओवाळलं, दूध दिलं. दुपारी तिनं पुरण घातलं; ते ती कधी घालत नसे. मी तीन पोळ्या खाल्ल्या. ती म्हणाली, "जरा पडते रे. मळ्यातून पालक आनाचा हाये, उठव मले उन्हं कलल्यावर." आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

उन्हं कलली. मी उठवलं. ती उठली नाही. मी हात लावला, पाय ओढला, कानात माय म्हटलं, कारण त्या दिवशी तेच म्हणायचं होतं. मग मी कुंपणाशी गेलो. माय अंगणात तूर पाखडत होती.

"मैनाबाई उठून नाई राह्यली," मी सांगितलं.

मायनं मान वर केली नाही. "कोनाचं लेकरू हाये रे? आपल्या घरी जाय."

"ते थंडी लागून राह्यली हाताले."

"जाय बापू, तुही माय वाट पाहत असन."

"माय उठूनच नाई राह्यली ना!"

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. तरी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या डोक्यावरून मैनाबाईच्या दाराकडे पाहिलं.

सूर्य अजून दोन हात वर होता.

गाव जमलं. प्रेताला अग्नी कोण देणार, यावर बोलणं अडलं. मैनाबाईचा एक पुतण्या होता, पण तो तिवशाला. निरोप जाऊन माणूस येईपर्यंत तीन दिवस. नत्थुजी पाटलांनी बराच वेळ दाढी खाजवली आणि म्हणाले, "पोरगा हाये ना तिले."

"कोनता पोरगा?" बानं विचारलं.

"हा. सकाळी तूच तं वाजोवून इकला. मी खुर्चीवर व्हतो."

"पाटील, ते नावापुरतं असते!"

"नावापुरतं असतं तं संबळ कायले आनला? दिवे लागले नाईत अजून. इकलेलं लेकरू दिवेलागनीवरी घेनाऱ्याचं, असा तुमचाच कायदा हाये."

बा घाबरला. कुणब्याचं पोर माळणीला अग्नी देणार, तेही त्याची स्वतःची माय समोर उभी असताना! त्यानं मायला बाजूला ओढलं. "अवं, तिच्या हातावर ठेव कोंडा अन् आन पोट्ट्याले. झालं. मेली तरी हात हाये ना तिले?"

सगळे मायकडे पाहू लागले. कोंडा तिच्या ओच्यात होता. सकाळपासून होता. ती चार पावलं पुढे आली आणि थांबली.

"ते आली व्हती," माय म्हणाली.

"कोन?"

"सटवाई. तुमी बलावली. ढोल वाजोवून बलावली. ते याले न्याले आली, पाह्यलं तं हा मैनाबाईचा. मंग मैनाबाईनं काय सांगतलं तिले, काय नाई, कोनाले ठाऊक. पोराच्या ठाई माय घेऊन गेली." तिनं ओचा घट्ट धरला. "आता मी म्हनू का हा माहा हाये? अजून ते गावाच्या शिवेवर बी गेली नसन."

 संबळवाल्याला बिदागी मिळाली नव्हती म्हणून तो तिथेच होता. त्यानं संबळ हळूच कापडात गुंडाळला.

मी अग्नी दिला. मला डोक्याचा गोटा करून घ्यावा लागला. न्हाव्यानं अर्धं डोकं करून झाल्यावर विचारलं, "दुखून राह्यलं का?" मी नाही म्हटलं. मग मडकं घेऊन मी पुढे आणि गाव मागे. तीन पोळ्या पोटात होत्या. माणूस मेल्यावरही त्याचं पुरण पोटात गरम राहतं, हे मला तेव्हा कळलं. ते कोणाला सांगावं, हे कळलं नाही.

सुतकाचे दिवस मी मैनाबाईच्या झोपडीत काढले. माळ्यांच्या घरून भाकर यायची. माय रोज अंगण झाडताना कुंपणाशी थांबायची आणि पलीकडे न पाहता विचारायची, "मैनाबाईच्या, जेवला का?" मी हो म्हणायचो. ती झाडत पुढे जायची. बा दोनदा मला उचलून न्यायला आला. दोन्ही वेळा माय दारात आडवी झाली. मी तोपर्यंत वांग्यांना पाणी घालायला शिकलो होतो. वारस म्हणून वांगी माझीच होती.

तेराव्याला नत्थुजी पाटील, बा, माय आणि बाकी गाव पुन्हा जमलं. आता मला परत घ्यायचं होतं. पण घ्यायचं कोणाकडून?

"मैनाबाईकडून," बा म्हणाला.

"ते तं गेली. तिच्या वारसाकडून," पाटील म्हणाले.

"वारस कोन?"

पाटलांनी माझ्याकडे बोट केलं. बानं डोक्याला हात लावला. म्हणजे मला माझ्याकडूनच विकत घ्यायचं होतं. पाटील म्हणाले की यात अडचण काही नाही, मालक समोर आहे आणि मालही समोर आहे. उलट असा सोपा सौदा त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"बोल रे," बा माझ्यापुढे उकिडवा बसला. कोंडा त्यानं स्वतः आणला होता, पितळी ताटात, वर रेशमी रुमाल घालून. "देतो का?"

मी मायकडे पाहिलं. ती लांब, निंबाखाली उभी होती. हात मोकळे होते. मी माल कसा आहे ते सांगायला लागलो, कारण आमच्याकडे तशी रीत होती. "खाते दोघाचं," मी म्हणालो.

"ठाऊक हाये."

"काम अर्ध्याचं बी नाई."

"दे ना बाप्पा," बा म्हणाला. त्याचं नवं पागोटं घामानं भिजलं होतं. "दे ना."

"दिलं," मी म्हणालो.

बानं मला खांद्यावर घेतलं. इतक्या वर्षांत घेतलं नव्हतं. निंबाजवळून जाताना तो मायला म्हणाला, "चाल वं. घेतलं पोरगं."

"तुमी घेतलं," माय म्हणाली. "मी नाई घेतलं."

बाला वाटलं, दोन दिवसांत निवळेल.

तेव्हापासून त्या घरात मी बापाचा मुलगा आणि मायचा पाहुणा आहे. शेतावर बा मला उकर्ड्या म्हणून शिव्या देतो, जशा सगळे बाप देतात. घरी आल्यावर माय लोट्यात पाणी आणून देते आणि म्हणते, "बसा." मला पाट मांडते. मला पहिली भाकर वाढते आणि पदर सावरून उभी राहते. "घ्या ना अजून. लाजू नोका. आपलंच घर समजा." पहिल्या दिवशी मी हसलो. तिनं चेहरा हलवला नाही. मग मी पाहुण्यासारखा "पुरे" म्हणालो, आणि तिला बरं वाटलेलं दिसलं. भांडायचं असलं तर ती बापाशी भांडते आणि मी ऐकेन अशा बेतानं बोलते. मी पडलो, लागलं, तर हळद गरम करून ओट्यावर ठेवते आणि आत निघून जाते.

ते दूरदेशीचे भाऊ पुढे दमले. कापूस उतरला. शेंब्या गेल्या, झुली गेल्या, पागोटं गेलं. बा परत भाकरी खाऊ लागला आणि त्याचं पोट सुधारलं. त्यानंतर एकदा, गाड्या बंद पडून वाटेवर गवत वाढेल की काय असं वाटण्याच्या दिवसांत, तो मायला म्हणाला, "अवं, आता काय उरलं हाये आपल्याकडं? सटवाई कायले येईन आता? घे ना त्याले."

"काई उरलं नाई असं तिच्यापुढं म्हनू नोका," माय म्हणाली. "उरलं ते उरलं."

माझ्या वाढदिवशी आता काही होत नाही. तसं म्हटलं तर सगळं होतं. षष्ठीला माय सकाळी लवकर उठते आणि दिवसभर कुंपणाकडे पाठ करून काम करते. दूध, तीळ, गूळ मैनाबाईच्या रिकाम्या ओसरीवर ठेवलेलं असतं. कोण ठेवतं ते मी विचारत नाही. मी जाऊन पितो. मायनं विचारलं की कुठे गेला होता, तर मी म्हणतो, "घरी गेल्तो." ती मान हलवते. "बरं केलं. मायच्या घरी जात जावं."

अकराव्या वर्षी मला मोठा ताप आला. मी वाचलो, हे आधीच सांगतो, कारण ऐकणाऱ्यांना उगीच घोर लागतो. भर दुपारी मी ओसरीवर पडलो होतो आणि छपराचे वासे एकमेकांशी बोलत होते. माय उशाशी बसून कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. मला नियम आठवत नव्हते.

"माय," मी म्हणालो.

ती थांबली. मग दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "तुमची माय वारली, बापू. मी शेजारची."

मी पुन्हा हाक मारली नाही. ती दिवस मावळेपर्यंत तिथून हलली नाही, जेवली नाही. फडकं वाळलं की बुडवायची, पिळायची, ठेवायची. वाटेवरून जाणाऱ्या बाया विचारत होत्या, कोण आजारी आहे म्हणून, आणि ती प्रत्येकीला सांगत होती, "मैनाबाईचा पोरगा हाये. त्याले पाहाले कोनी नाई."